राजाचा पुतळा आणि खाटकाचा तराजू

अलीकडे आपल्या समाजातून परदेशातील धम्मसहलींचे प्रमाण बरेच वाढले आहे. ज्या समाजाचा एकेकाळचा सर्वात लांबचा प्रवास म्हणजे नागपूरची दीक्षाभूमी किंवा दादरची चैत्यभूमी, त्या समाजातले निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, परिचारिका भगिनी आज थायलंड, श्रीलंका, जपान आणि कोरियापर्यंत जातात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. आमची तक्रार फक्त परत आल्यानंतरच्या गप्पांबद्दल आहे. मूर्ती किती फुटांची, छपरावर सोने किती, जेवणात काय मिळाले, यापलीकडे त्या गप्पा सहसा जात नाहीत. सोल शहराचा ग्वांगह्वामून चौक पाहून आलेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल की या चौकापासून पायी अंतरावर एका खाटकाने राजाच्या मंत्र्यांसमोर भाषण केले होते?

आम्ही काही कार्यकर्ते एप्रिल २०२५ च्या अखेरीस सोलला होतो. बुद्धजयंतीच्या आधीचा तो दिव्यांचा उत्सव. हजारो लोक कागदी कंदील घेऊन जोंगनो रस्त्यावरून जोग्येसा विहाराकडे चालत होते. युनेस्कोने २०२० साली या उत्सवाला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे. तो सोहळा डोळ्यांचे पारणे फेडणारा आहेच. पण तो पाहून 'कोरिया हे बौद्ध राष्ट्र आहे' असा निष्कर्ष कोणी काढू नये. २०१५ च्या जनगणनेनुसार दक्षिण कोरियात बौद्धांचे प्रमाण साडेपंधरा टक्के आहे, प्रोटेस्टंट ख्रिस्ती त्यांच्याहून जास्त आहेत आणि निम्म्याहून अधिक लोक कोणताच धर्म सांगत नाहीत. जोसोन घराण्याच्या पाचशे वर्षांच्या राजवटीत कन्फ्यूशियसवादी दरबाराने बौद्ध धम्माची पद्धतशीर गळचेपी केली. भिक्खूंना राजधानीच्या वेशीच्या आत पाऊल टाकण्यास बंदी होती. ही बंदी १८९५ साली उठली, आणि तीही एका जपानी भिक्खूच्या अर्जावरून! १९१० साली वेशीच्या आत पहिला विहार उभा राहिला, त्याचाच पुढचा अवतार म्हणजे आजचे जोग्येसा. आवारात शेकडो वर्षांचे जुने वृक्ष आहेत, पण विहार मात्र जेमतेम शतकभराचा. ज्यांना गावाच्या वेशीचा अनुभव आहे त्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

बुद्धजयंतीची सुट्टी सुद्धा तिथे आपोआप मिळालेली नाही. नाताळची सुट्टी होती, बुद्धजयंतीची नव्हती. १९७३ साली योंग ताए-योंग नावाच्या एका वकिलाने समतेच्या तत्त्वावर सरकारविरुद्ध दावा लावला आणि १९७५ पासून सार्वजनिक सुट्टी सुरू झाली. आम्ही वकील असल्यामुळे असेल, पण कंदिलांच्या त्या लखलखाटात आम्हाला त्या दाव्याचीच जास्त आठवण होत होती.

आता चौकाकडे येऊ. ग्वांगह्वामून म्हणजे ग्योंगबोकगुंग राजवाड्याचा दक्षिणेचा मुख्य दरवाजा. त्याच्यासमोरच्या रुंद रस्त्यावर जोसोन काळात सहा खात्यांच्या कचेऱ्या होत्या. महसूल, लष्कर, न्याय, सगळा कारभार इथून चाले. जपानने कोरिया गिळल्यावर राजवाड्याच्या आवारातच, सिंहासनाच्या दालनासमोर, आपल्या गव्हर्नर जनरलची प्रचंड दगडी इमारत १९२६ साली पूर्ण केली आणि दरवाजा उचलून बाजूला नेऊन ठेवला. पुढे कोरियन युद्धात तो उद्ध्वस्त झाला, १९६८ साली सिमेंटचा बांधला गेला आणि २०१० साली पुन्हा मूळ जागी लाकडात उभा राहिला. ती दगडी इमारत कोरियनांनी १९९५-९६ मध्ये पाडून टाकली. आज दरवाजासमोरच्या चौकात दोन पुतळे आहेत. पुढे नौसेनापती यी सुन-शिन, १९६८ चा, आणि मागे सिंहासनावर बसलेला राजा सेजोंग, २००९ चा.

या सेजोंगविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपले लोक त्याच्या पायाशी उभे राहून फोटो काढतात. सेजोंगने १४४३ साली २८ अक्षरांची कोरियन लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. तोवर लिहिणे-वाचणे चिनी चित्रलिपीत होते आणि ती शिकायला आयुष्यातली वर्षे आणि घरात पैसा लागे. म्हणजे विद्या ही यांगबान नावाच्या उच्चकुलीन वर्गाची मिरास. सामान्य माणसाला आपले म्हणणे लिहिता यावे, हा राजाचा जाहीर हेतू होता. त्यावर दरबारातले पंडित खवळले. चोए मान-री या विद्वानाने १४४४ साली राजाला विरोधाचा अर्ज दिला. वेगळी लिपी असणे हे रानटी लोकांचे लक्षण आहे, असा त्याचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा आमच्या धंद्यातला आहे. राजाचे म्हणणे असे की आरोपीचा जबाब त्याला कळेल अशा लिपीत लिहून वाचून दाखवला तर अन्याय कमी होईल. पंडिताचे उत्तर असे की न्याय-अन्याय लिपीवर अवलंबून नसतो, तुरुंगाच्या अधिकाऱ्यावर अवलंबून असतो.

जवळपास सहाशे वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आम्हाला फारच ताजा वाटला. आमच्या उच्च न्यायालयांचा कारभार राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार आजही इंग्रजीत चालतो. गायरान जमिनीच्या प्रकरणात निकाल लागतो, आम्ही बाहेर येतो आणि पक्षकार बाई विचारते, "साहेब, माझं काय झालं?" निकाल तिच्या हातात असतो, पण तो तिच्याशी बोलत नाही. इंग्रजी ही आमच्या समाजाची शिडी आहे हे आम्ही नाकारत नाही, ती शिडी चढूनच आम्ही इथवर आलो. परंतु बाईच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे.

बौद्ध वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. या नव्या लिपीत जी अगदी पहिली पुस्तके निघाली त्यांत तथागतांचे चरित्र होते. राणीच्या मृत्यूनंतर राजपुत्राने १४४७ साली ते सिद्ध केले आणि स्वतः राजाने बुद्धाच्या गौरवाची गीते रचली. हाच तो राजा, ज्याने १४२४ साली सगळे पंथ दोनात कोंबून राज्यातील मान्यताप्राप्त विहारांची संख्या ३६ वर आणली होती!

राजे असेच असतात. सेजोंगने सरकारी दासींना बाळंतपणाची शंभर दिवसांची रजा दिली, पुढे प्रसूतीपूर्वीचा एक महिना दिला आणि १४३४ साली त्यांच्या नवऱ्यांनाही तीस दिवस दिले. त्याच सेजोंगने १४३२ मध्ये आपल्या बापाने केलेला नियम फिरवला, आणि दासीच्या पोटचे मूल, बाप स्वतंत्र असला तरी, पुन्हा दास ठरू लागले. जोसोन राज्यात 'नोबी' म्हणजे वंशपरंपरागत दास. एका काळात ते लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होते असा इतिहासकारांचा अंदाज आहे. माणसाचे दस्तऐवज होते, खरेदीखते होती. त्यांचे दावे चालवणारी स्वतंत्र कचेरी होती. १५९२ साली जपानी सैन्य चालून आले, राजा रातोरात पळाला, आणि लोकांनी दासांची दप्तरे ठेवलेल्या कचेऱ्यांना आग लावली, अशी नोंद खुद्द राजवृत्तांतात आहे. शत्रू दारात असताना या माणसांना जाळण्यासारखी पहिली गोष्ट कोणती वाटली? आपला गुलामीचा कागद! २५ डिसेंबर १९२७ चा महाडचा अग्नी ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना हे उत्तर शिकवावे लागणार नाही. पुढे १८०१ मध्ये सरकारनेच सुमारे ६६ हजार सरकारी दासांच्या नोंदवह्या जाळल्या. १८९४ च्या सुधारणांनी दास्य आणि कुळाची उच्चनीचता कायद्याने रद्द केली. सेजोंगची लिपीही सरकारी कागदपत्रांची अधिकृत लिपी झाली ती त्याच वर्षी, जाहीर झाल्यापासून तब्बल साडेचारशे वर्षांनी.

आणि दासांच्याही खाली 'पेकजोंग' होते. जनावरे कापणे, कातडे कमावणे, बुरुडकाम करणे, फाशी देणे ही त्यांची कामे. वस्ती वेगळी, लग्ने आपापसात. इतरांसारखी टोपी घालायची नाही, इतरांसारखे नाव ठेवायचे नाही, सामान्य घरातल्या पोरासमोरही वाकायचे. या नावाचा इतिहास आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. पेकजोंग या शब्दाचा मूळ अर्थ साधी प्रजा असा होता. १४२३ मध्ये, पुन्हा सेजोंगच्याच काळात, या भटक्या, तिरस्कृत लोकांना प्रजेत सामावून घ्यायचे म्हणून दरबाराने त्यांना हे चांगले नाव बहाल केले. परिणाम काय झाला? ते लोक वर आले नाहीत, शब्द खाली गेला. बाकीच्या प्रजेने तो शब्द स्वतःसाठी वापरणे सोडून दिले आणि पुढची पाचशे वर्षे तो शिवी म्हणून वापरला. वरून दयाबुद्धीने दिलेल्या नावाची गत काय होते, हे 'हरिजन' शब्दाच्या निमित्ताने आपण भोगले आहे. बाबासाहेबांनी ते नाव का झुगारले, याचा पुरावा कोरियाच्या इतिहासात पाच शतके आधीच पडून होता.

चौकातून पूर्वेकडे चालत गेले की इन्साडोंगच्या दुकानांच्या गर्दीत सुंगदोंग चर्च लागते. टूरवाले इथे थांबत नाहीत. १८९५ च्या सुमारास या चर्चमध्ये पाक सोंग-चुन नावाचा एक पेकजोंग येऊ लागला. आजारपणात एका परदेशी डॉक्टरने त्याच्या घरी जाऊन उपचार केले होते, त्यातून तो ख्रिस्ती झाला. खाटीक आपल्या शेजारी प्रार्थनेला बसतो हे पाहून यांगबान मंडळी उठली आणि त्यांनी आपले वेगळे चर्च काढले. धर्म बदलला तरी बसण्याची जागा बदलत नाही, असा हा प्रकार. आपल्याकडच्या ख्रिस्ती दलितांना विचारा, ते सांगतील. मात्र तिथे पाद्री खाटकाच्या बाजूने उभा राहिला, आणि गेलेले लोक तीन वर्षांनी परत आले. पाक सोंग-चुन यांनी टोपी घालण्याच्या हक्कासाठी सरकारकडे अर्ज केले आणि तो हक्क मिळवला. टोपीसाठी अर्ज? ज्यांच्या आज्यांनी गुडघ्याखाली लुगडे नेण्यासाठी शिव्या खाल्ल्या, त्यांना या प्रश्नाचे हसू येणार नाही.

ऑक्टोबर १८९८ मध्ये जोंगनोच्या रस्त्यावर हजारो लोकांची सभा भरली. राज्यकारभार कसा सुधारावा यासाठी मंत्री आणि प्रजा एकत्र बसलेली ती सभा होती. तिथे पाक सोंग-चुन बोलायला उभे राहिले. आशय असा की मांडव एका बांबूवर उभा राहत नाही, अनेक बांबू एकत्र आले तर तो भक्कम होतो. चार वर्षांपूर्वीपर्यंत ज्याला माणूस म्हणून नोंदवले जात नव्हते, तो राज्याच्या मंत्र्यांना मांडव कसा उभारावा हे सांगत होता! त्यांचा मुलगा पाक सो-यांग १९०८ मध्ये कोरियात पाश्चात्त्य वैद्यक शिकून पदवी घेणाऱ्या पहिल्या सात जणांपैकी एक झाला. पुढे मांचुरियात जाऊन त्याने दवाखाना आणि शाळा चालवली आणि स्वातंत्र्यलढ्यात काम केले. खाटकाचा मुलगा डॉक्टर झाला, एका पिढीत. शिकू दिले तर किती वेळ लागतो, हा हिशेब आरक्षणविरोधकांनी कधीतरी मांडून पाहावा.

कायद्याने उच्चनीचता गेली, पण दप्तरातून गेली नाही. जपानी राजवटीत कुटुंबाच्या नोंदीत पेकजोंगांच्या नावापुढे खूण केली जाई. जांग जी-पिल हा पेकजोंग तरुण जपानमध्ये विद्यापीठात शिकून आला, तरी त्या नोंदीपायी त्याला नोकरीचा मार्ग बंद झाला. जिंजू शहरातील यी हाक-चान या सधन पेकजोंगाच्या मुलांना शाळेने घेतले नाही. यांतून एप्रिल १९२३ मध्ये जिंजू येथे 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना जन्मली. कांग सांग-हो यांच्यासारखे उच्चकुलीन घरातले सहकारीही तिच्यात होते. नावाचा अर्थ आहे, तराजूसारखी समानता. खाटकाच्या हातातला तराजू! ज्या हत्याराने त्यांना हिणवले त्याच हत्याराला त्यांनी समतेचे चिन्ह केले. वर्षभर आधी जपानमधील बुराकू अस्पृश्यांनी 'सुइहेइशा' काढली होती, तिच्याशी या संघटनेचे संबंध होते. ह्योंगप्योंगसाचे मुख्यालय पुढे सोलला आले. १९२८ चे अधिवेशन ज्या चोन्दोग्यो पंथाच्या वास्तूत भरले ती जागा जोग्येसाहून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

१९२३ हे साल आपल्याही ओळखीचे आहे. त्याच एप्रिलमध्ये बाबासाहेब लंडनहून परतले आणि त्याच ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा पाणवठ्यांचा ठराव मंजूर झाला. या चळवळींची एकमेकींशी गाठ पडल्याचा दाखला नाही. परंतु तीन देशांतले तळाचे लोक एकाच दशकात शाळा, नाव आणि पाणी मागायला उठले, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. भारत-कोरिया संबंध म्हटले की आपल्या राज्यकर्त्यांना अयोध्येहून कोरियाला गेलेली एक दंतकथेतली राजकन्या आठवते. तिचे स्मारकही २००१ साली अयोध्येत झाले. जिंजूच्या खाटकांची आठवण त्यांना होणार नाही, ती आपल्यालाच ठेवावी लागेल.

आज कोरियात पेकजोंग कुठे आहेत? कुठेच नाहीत. युद्धाने दप्तरे आणि गावे विस्कटली, जमीनसुधारणा झाल्या, माणसे शहरांत आली, आणि दोन-तीन पिढ्यांत ओळख पुसली गेली. त्यामागे अपौरुषेय धर्मग्रंथाचा आधार नव्हता, मनूसारखा कायदेकर्ता नव्हता, ही गोष्ट निर्णायक ठरली असे आमचे मत आहे. पण याची दुसरी बाजू अशी की आज तिथे जो तो आपली वंशावळ यांगबानाशी नेऊन भिडवतो. 'मी पेकजोंगाचा नातू' असे सांगणारा शोधून सापडत नाही. आमच्यातले काही उच्चशिक्षित बंधू सोसायटीच्या दारावरच्या पाटीवरून आडनाव उतरवतात, बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेतात. त्यांच्यावर काय प्रसंग येतात हे आम्हाला माहीत आहे, म्हणून आम्ही त्यांना दोष देणार नाही. पण त्यांनी कोरियाचे उदाहरण देऊन 'ओळख विसरली की जात जाते' असे म्हणू नये. तिथे दप्तर आधी नष्ट झाले, मग ओळख गेली. इथे दप्तर शाबूत आहे. ते लग्नाच्या जाहिरातींत रोज छापून येते.

चौकाच्या खाली मेट्रोचे स्थानक आहे. तिथल्या भुयारी मार्गात अपंगांच्या संघटनांनी ऑगस्ट २०१२ पासून १,८४२ दिवस धरणे धरले. सरकार अपंगांना सहा श्रेणींत बसवायचे आणि श्रेणी पाहून मदत द्यायचे. माणसाला श्रेणी लावू नका, ही त्यांची मागणी. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द ज्यांनी बाबासाहेबांकडून घेतला, त्यांनी त्या भुयारातून जाताना क्षणभर थांबावे. २०१९ मध्ये ती श्रेणीपद्धत रद्द करण्यात आली. वर चौकात, १६ एप्रिल २०१४ च्या सेवोल जहाज दुर्घटनेत गेलेल्या ३०४ जणांच्या नातेवाइकांचे तंबू मार्च २०१९ पर्यंत होते. त्यांतले बहुतेक बळी शाळकरी मुले.

याच चौकात २०१६-१७ च्या हिवाळ्यात दर शनिवारी मेणबत्त्या घेऊन लाखो लोक जमले आणि अध्यक्ष पार्क ग्युन-हे यांना जावे लागले. आम्हाला त्यातली न्यायालयाची भूमिका महत्त्वाची वाटते. पोलीस मोर्चाला बंदी घालत, लोक न्यायालयात जात, न्यायालय मोर्चाला दर आठवड्याला थोडे पुढे जाऊ देई. शेवटी मोर्चा अध्यक्षांच्या निवासस्थानापासून शंभर मीटरवर गेला. मुंबईत आझाद मैदानाच्या कुंपणात घोषणा देणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी हे अंतर मोजून पाहावे. संसदेत २३४ मतांनी महाभियोग मंजूर झाला आणि १० मार्च २०१७ रोजी घटनात्मक न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने अध्यक्षांना पदच्युत केले.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. बहुमताने मागणी केली तर तो मागे घेतलाच पाहिजे, असे तिथल्या घटनेचे कलम ७७ म्हणते. सैनिक संसद भवनात घुसलेले असताना १९० सदस्य आत पोहोचले आणि एकही मत विरोधात न जाता त्यांनी तो रद्द ठरवला. ४ एप्रिल २०२५ रोजी, आम्ही पोहोचण्याच्या तीन आठवडे आधी, पुन्हा आठही न्यायाधीशांनी एकमताने या अध्यक्षांनाही घरी पाठवले. चौक मात्र एकाच बाजूचा नसतो हेही सांगितले पाहिजे. युन यांचे समर्थकही ग्वांगह्वामूनलाच प्रचंड सभा घेत होते, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यातल्या जमावाने सोलच्या एका न्यायालयात घुसून तोडफोड केली.

हे घटनात्मक न्यायालय जोग्येसाच्या उत्तरेला, जाए-दोंग भागात आहे. ते १९८७ च्या लोकआंदोलनानंतर, १९८८ साली स्थापन झाले. मागे एक प्राचीन पांढरा पाइन वृक्ष आहे. कोरियातले पहिले पाश्चात्त्य पद्धतीचे रुग्णालय १८८५ साली याच जागेवर सुरू झाले होते. त्याच संस्थेच्या वैद्यकीय शाळेतून पुढे खाटकाचा मुलगा डॉक्टर होऊन बाहेर पडला.

कोरियन घटनेचे कलम ११ सांगते की कोणताही विशेषाधिकारी सामाजिक वर्ग कोणत्याही स्वरूपात निर्माण करता येणार नाही. आपल्या घटनेचे कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. एक कलम वरच्याला खाली खेचते, दुसरे खालच्याच्या अंगावरचा डाग पुसते. दोन्ही हवीत असे आम्हाला वाटते. आणि कलम ११ असूनही सर्व प्रकारच्या भेदभावाला एकत्र प्रतिबंध करणारा कायदा कोरियात अद्याप झालेला नाही. पहिले विधेयक २००७ साली आले, त्यानंतर अनेकदा आले आणि दरवेळी, मुख्यतः सनातनी चर्चसंघटनांच्या विरोधामुळे, बारगळले.

जाणाऱ्या मंडळींनी टूरवाल्याला आधीच सांगून ठेवावे. अंगुक मेट्रो स्थानकावर उतरले की घटनात्मक न्यायालय, चोन्दोग्यो, सुंगदोंग चर्च आणि जोग्येसा ही चारही ठिकाणे एका सकाळीत पायी होतात, प्रवेशपत्रिकेचा खर्च नाही. जिंजू मात्र दूर दक्षिणेला आहे. तिथे ह्योंगप्योंग चळवळीचे स्मारक १९९६ साली उभे राहिले, त्यासाठी वेगळा दिवस काढावा लागेल.